पुंगळीचं आयुष्य आणि गोळीचा नेम

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ रोजी ५० मीटर रायफल थ्री पोझिशनची अंतिम फेरी झाली. तिचे आकडे असे: चीनचा लिऊ युकुन ४६३.६, युक्रेनचा सेरही कुलिश ४६१.३ आणि आपल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे ४५१.४. वरवर पाहिलं तर कांस्य आणि रौप्य यांच्यात दहा गुणांची दरी दिसते. पण या फेरीत तिसऱ्या क्रमांकाचा नेमबाज ४४ व्या गोळीनंतर बाहेर पडतो आणि पहिले दोघे ४५ वी गोळी झाडतात. प्रत्येक गोळीमागची सरासरी काढली की चित्र पालटतं. लिऊ १०.३०, स्वप्निल १०.२६ आणि कुलिश १०.२५. कांस्यवाल्याची सरासरी रौप्यवाल्यापेक्षा केसभर सरसच आहे.

तो केसही मोजता येतो. ५० मीटरवरच्या लक्ष्यात दहाच्या कड्याचा व्यास १०.४ मिलिमीटर असतो आणि गुणाचा एक दशांश म्हणजे मध्यापासून ०.८ मिलिमीटर. स्पर्धा इतक्या बारकाईवर आली की माणसाच्या श्वासाइतकाच काडतुसाचाही हिशेब द्यावा लागतो. म्हणून जगभरचे रायफलवाले गेली कित्येक दशकं एका प्रश्नाभोवती फिरत आहेत. काडतूस अधिकात अधिक अचूक कसं करायचं, आणि ते करताना पितळेची पुंगळी लवकर निकामी होऊ नये म्हणून काय करायचं? घरी काडतुसं भरायचं प्रेस बसवून स्वतःची काडतुसं स्वतः भरणाऱ्यांचा तर हा रोजचा विषय. कोल्हापुरात त्यातलं किती लागू पडतं, हे शेवटी येईलच. आधी पितळेकडे पाहू.

काडतुसाचं पितळ म्हणजे साधारण ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. काडतुसाच्या चार घटकांपैकी, म्हणजे ठिणगी देणारी टोपी, दारू, गोळी आणि पुंगळी यांपैकी, पहिले तीन एकदाच कामी येतात. परत हाती येते ती पुंगळी. चाप ओढल्यावर ती फुगते, चेंबरच्या, म्हणजे नळीच्या मागच्या पोकळीच्या, भिंतीला घट्ट चिकटून मागे येणारा वायू अडवते आणि दाब उतरताच किंचित आकसून सुटी होते. फुगणं आणि आकसणं, दोन्ही एकाच धातूकडून हवं असतं, आणि तेही एका पुंगळीत जागोजागी वेगळ्या प्रमाणात. बूड टणक हवं, कारण सगळा दाब तिथे झेलायचा असतो. मान मऊ आणि लवचिक हवी, कारण तिला गोळी धरायची असते आणि वेळेवर सोडायचीही असते. कारखान्यात पितळेच्या वाटीपासून पुंगळी ओढताना टप्प्याटप्प्याने ताव दिला जातो, म्हणजे तापवून नरम केलं जातं, आणि शेवटचा ताव फक्त मानेला आणि खांद्याला, म्हणजे मानेखालच्या उताराला, मिळतो. लष्करी काडतुसाची मान आणि खांदा उजेडात फिरवून पाहिला तर निळसर-तपकिरी झाक दिसते, ती त्या शेवटच्या तावाची. नवखा माणूस तिला डाग समजून नाक मुरडतो, जाणकार ती पाहून खूश होतो.

वापरात पुंगळी तीन तऱ्हेने मरते आणि तिन्हींची कारणं वेगळी आहेत. अनेक जण ती एकत्र कालवतात आणि मग भलताच उपाय करत बसतात. मानेला उभी चीर जाणं हा पहिला प्रकार. भरून झाडण्याच्या दर फेरीला मान फुगते, डायमध्ये, म्हणजे पुंगळी पुन्हा मापाला आणणाऱ्या साच्यात, दाबली जाते, पुन्हा थोडी रुंद केली जाते, अशी ती कडक होत जाते आणि एक दिवस तडकते. टोपीचा खड्डा सैल होणं हा दुसरा. त्याचं कारण जवळजवळ नेहमी एकच असतं, दारू जास्त भरली. आणि तिसरा, सगळ्यांत वाईट, म्हणजे बुडाच्या थोडं वर भिंत आतून झिजत जाऊन पुंगळीचे दोन तुकडे होणं.

हा तिसरा मृत्यू समजून घ्यायला आपल्या ओळखीची थ्री नॉट थ्री फार उपयोगी आहे. महाराष्ट्राच्या पोलिसांकडे ही रायफल किती काळ होती हे २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री, मुंबईवरच्या हल्ल्यात, साऱ्या देशानं दूरचित्रवाणीवर पाहिलं. या रायफलीचं, म्हणजे ली-एनफील्डचं, चेंबर मुद्दाम ऐसपैस ठेवलेलं असे, चिखल-मातीत अडकू नये म्हणून. काडतूस जागेवर बसतं ते बुडाच्या कडेवर, खांद्यावर नाही. त्यात चेंबर मागून बंद करणाऱ्या बोल्टला धरून ठेवणारे लग्ज, म्हणजे दात, मागच्या बाजूला, त्यामुळे दाबाखाली अख्खी यंत्रणा जराशी ताणली जाते. परिणाम असा की पुंगळीचा पुढचा भाग चेंबरला चिकटून बसतो आणि बूड मागे सरकतं. मधली भिंत ताणून पातळ होते. आता ही पुंगळी दर वेळी डायमध्ये पूर्ण दाबून मूळ मापाला आणली, तर पुढच्या फायरला ती पुन्हा तेवढीच ताणली जाणार. थोड्याच फेऱ्यांत बुडाच्या वर बाहेरून एक चकचकीत वळसा दिसू लागतो. त्याआधीच ओळखायचं असेल तर जुने लोक एक साधी गोष्ट करतात. बारीक तारेचं टोक वाकवून तिचा आकडा करायचा, तो तोंडातून आत घालायचा आणि भिंतीला टेकवून बुडापासून हळूहळू वर ओढायचा. आत खाच पडली असेल तर आकडा तिथे खटकन अडतो. ती पुंगळी चपटी करून भंगारात. पुढच्या फायरला तिचा पुढचा अर्धा भाग चेंबरमध्येच राहिला असता आणि वायू मागे, माणसाच्या तोंडाकडे आला असता.

म्हणजे इथे पितळेला मारलं ते दाबानं कमी आणि सैलपणानं जास्त. हाच मुद्दा अचूकतेच्या बाजूनेही खरा ठरतो. चेंबरमध्ये सैल पडलेलं काडतूस दर वेळी वेगळ्या कोनात बसतं, गोळी नळीत शिरते ती किंचित तिरकी. अचूकता हवी तर पितळ लवकर जाणार, पितळ टिकवायचं तर नेमावर पाणी सोडावं लागणार, असं भांडण या विषयात सारखं लावलं जातं. मला ते बव्हंशी खोटं वाटतं. दोघांचा शत्रू एकच आहे, धातूची नको इतकी ओढाताण.

यावर उपाय म्हणून एक मोठा काळ असा गेला की फक्त मान दाबायची, बाकीच्या पुंगळीला हातच लावायचा नाही. पुंगळी स्वतःच्या चेंबरच्या मापाची होऊन बसली आहे, तर ती तशीच राहू द्या, हा विचार. ऐकायला पटतो. थ्री नॉट थ्रीसारख्या ढिल्या चेंबरला तो आजही लागू आहे. पण काही फेऱ्यांनंतर अशी पुंगळी चेंबरमध्ये जड जाऊ लागते. बोल्ट जोर लावून बंद करावा लागतो, त्या झटक्यानं रायफल हलते आणि नेमाचं जे कमावलं ते तिथेच जातं. म्हणून वरच्या पातळीवरचे बरेच स्पर्धक आता पूर्ण पुंगळी डायमधून काढतात, पण खांदा मागे ढकलायचा तो इंचाचे एक-दोन हजारांश एवढाच. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या लेथवाल्याला हे माप समजावून सांगायला नको, त्याचा दिवस त्यातच जातो. मिलिमीटरमध्ये सांगायचं तर ०.०२५ ते ०.०५. मोजायला साधं मापक लागतं आणि मुख्य म्हणजे स्वतःच्या चेंबरमधून निघालेली पुंगळी लागते. डायच्या डब्यावरची सूचना जशीच्या तशी पाळून डाय पूर्ण खाली आणणारे मात्र कारण नसताना खांदा बराच मागे ढकलतात आणि धडधाकट रायफलमध्ये थ्री नॉट थ्रीचं दुखणं ओढवून घेतात.

मानेचंही तसंच. बाजारातली साधी डाय मान गरजेपेक्षा बारीक करते, मग डायमधला गोळा वर येताना ती पुन्हा रुंद करतो. एका कामासाठी धातू दोनदा राबतो, वर मान वाकडी होण्याचा धोका. मानेसाठी हवं तेवढ्याच मापाचा बुश, म्हणजे कडं, बसवता येणारी डाय घेतली की ही दुहेरी मेहनत वाचते. या एका बदलानं चिरा कमी होतात आणि गोळी सरळ बसते. खर्च आणि फायदा यांचा मेळ बसेल अशी ही सुधारणा मला बाकी कुठल्याही महागड्या हत्यारापेक्षा मोलाची वाटते.

मानेला पुन्हा ताव देण्याबद्दल मतभेद आहेत. हुपरीत चांदीची तार ओढणाऱ्या कारागिराला यात नवल वाटणार नाही. तारही ओढताना कडक होते, मध्येच तापवून नरम केली नाही तर तुटते. पितळेचं नेमकं तेच होतं. काही जण दर फायरनंतर ताव देतात, काही चार-पाच फेऱ्यांनी, काही कधीच नाही. मानेचं आयुष्य तावानं वाढतं याबद्दल शंका नाही. अचूकता वाढते का, याचे पुरावे मात्र उलटसुलट आहेत, आणि वाढली तरी ती मान दर वेळी सारख्या जोरानं गोळी धरते म्हणून वाढते. धोका दुसऱ्या टोकाला आहे. उष्णता बुडापर्यंत उतरली तर बूड मऊ पडतं, आणि मऊ बुडाची पुंगळी वापरणं म्हणजे जिवाशी खेळ. ज्याला नक्की जमत नाही त्याने मान चिरू द्यावी, हा माझा सरळ सल्ला. चिरलेली मान नुकसान करते ते एका पुंगळीचं.

पितळेच्या मृत्यूचा आणखी एक प्रकार आहे आणि त्याचा इतिहास तर थेट आपल्या पावसाळ्यात भिजलेला आहे. ब्रिटिश हिंदुस्थानच्या लष्करात पावसाळ्यात साठवलेली काडतुसं न वापरताच तडकू लागली. कोठारं बहुधा तबेल्याजवळ असत. पुढे १९२१ साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी कारण नक्की केलं. घोड्यांच्या मुतातला अमोनिया, हवेतला ओलावा आणि पितळ ओढताना त्यात राहून गेलेला ताण, हे तिन्ही जमले की पितळ आपोआप चिरतं. पावसाळी हंगामात होतं म्हणून धातुशास्त्रात त्याला हंगामी चीर असंच नाव पडलं. त्याचा धडा आजही जुना झालेला नाही. भांडी घासायच्या अमोनियायुक्त पॉलिशनं पुंगळ्या चकचकीत करू नयेत. गगनबावड्यासारख्या, पावसाळ्यात भिंतींना बुरशी धरणाऱ्या गावात तर काडतुसं कुठे ठेवता याला महत्त्व आहेच.

आता दारूचं माप ठरवण्याकडे वळू. इथे मात्र भोंदूगिरी फार आहे. प्रचलित पद्धत अशी की दारू थोडी थोडी वाढवत जायची, प्रत्येक मापाच्या तीन-तीन गोळ्या झाडायच्या आणि ज्या मापाला छिद्रं सर्वांत जवळ पडली ते रायफलला मानवणारं माप म्हणायचं. यातली गोम संख्याशास्त्रात आहे. रायफल तीच, काडतूस तेच, तरी तीन गोळ्यांच्या गटाचा सरासरी पसारा जितका, त्याच्या सव्वापटीहून थोडा जास्त पाच गोळ्यांचा आणि दीडपटीहून जास्त दहा गोळ्यांचा भरतो. काही बिघडलेलं नसतं, नमुना मोठा झालेला असतो. तीन गोळ्यांचे दहा गट झाडले की त्यातला एक अतिशय देखणा निघणारच, आणि तो देखणेपणा निव्वळ योगायोगाचा असतो. त्याच्या मागे लागून माणूस नळी झिजवतो, टोप्या संपवतो आणि पितळेच्या पाच-सहा फेऱ्या खर्ची घालतो. पितळ टिकवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग हाच की निरर्थक चाचण्या थांबवाव्यात.

गोळीच्या वेगातला फरक किती महत्त्वाचा, हे अंतरावर ठरतं. सेकंदाला सुमारे ८०० मीटर वेगाने सुटणाऱ्या .३०८ सारख्या गोळीत नऊ मीटरचा फरक पडला, तर १०० यार्डांवर छिद्र वरखाली होतं जेमतेम दीड मिलिमीटर. १,००० यार्डांवर तोच फरक वीतभर होतो. म्हणजे लांब पल्ल्याच्या माणसानं दारू काटेकोर तोलावी, जवळच्यानं त्यापायी झोप उडवून घेऊ नये. मानेचं पितळ खरवडून एकसारखं करणं, पुंगळ्या वजनानुसार वेगळ्या लावणं वगैरे कामं मन रमवायला चांगली. पण चांगली नळी आणि चांगली गोळी यांच्या पुढे त्यांचा वाटा लहान आहे.

बेंचरेस्टवाल्यांचा, म्हणजे टेबलावर रायफल टेकवून निव्वळ अचूकतेसाठी झाडणाऱ्यांचा, अनुभव या बाबतीत बोलका आहे. १९७० च्या दशकात लुई पाल्मिसानो या डॉक्टरानं आणि फेरिस पिंडेल या कारागिरानं ६ मिलिमीटर पीपीसी हे काडतूस तयार केलं. आखूड, जाड, लहान टोपीचं. लहान टोपी म्हणजे बुडात पितळ जास्त उरलं, खड्डा सैल व्हायला वेळ लागला. हे लोक मैदानावरच बसून मूठभर पुंगळ्या स्पर्धाभर पुन्हा पुन्हा भरतात. एकाच काडतुसानं अचूकतेचे विक्रम करावेत आणि पितळही दीर्घायुषी असावं, हे अचूकता आणि पितळ यांचं भांडण खोटं, या मघाच्या मुद्द्याचं उत्तम उदाहरण. उलट शिकारी काडतुसात शेवटचे वीस-तीस मीटर प्रति सेकंद मिळवायला दारू दाबून भरणारे दोन-तीन फेऱ्यांत खड्डे सैल करून घेतात. तेवढ्या वेगानं जनावराला काही फरक पडत नाही.

शिकारीचा विषय निघाला म्हणून सांगतो. आज जिथे दाजीपूर-राधानगरीचं अभयारण्य आहे ते रान एके काळी कोल्हापूर संस्थानचं शिकारीचं रान होतं. १९५८ साली तिथे गव्यांसाठी अभयारण्य झालं, १९७२ साली वन्यजीव कायदा आला आणि रायफलीची काडतुसं हाताने भरायला शिकाऱ्याला जे कारण असतं तेच उरलं नाही. आजरा, चंदगड, गगनबावडा भागात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरच्या बंदुका आहेत. त्यातली ठासणीची बंदूक ही खरं तर शब्दशः हातानं भरायची वस्तू, पण तिला पुंगळीच नसते. त्यामुळे पितळेच्या आयुष्याचा प्रश्नही नाही.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या पाचव्या कलमानुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करता येत नाही. दारूसाठी १८८४ चा स्फोटकांचा कायदा वेगळा, आणि त्याची अंमलबजावणी करणाऱ्या पेसो या संघटनेचं मुख्यालय तर आपल्याच नागपुरात. जर्मनीत हाताने काडतुसं भरणाऱ्याला प्रशिक्षण घेऊन स्फोटक कायद्याखाली परवाना काढावा लागतो, अमेरिकेत दुकानातून प्रेस आणि दारू उचलून आणता येते. आपल्याकडे काडतूस बनवणं हे खडकीच्या आणि वरणगावच्या कारखान्यांचं काम. खडकीचा कारखाना १८६९ पासून चालू आहे. पण परवाना मिळाला तरी स्पर्धेतल्या नेमबाजाला आपलं काडतूस हाताने भरता आलं नसतं.

कारण तो वापरतो .२२. या काडतुसाची टोपी वेगळी नसते, स्फोटक मिश्रण बुडाच्या पोकळ कडेत फिरवून बसवलेलं असतं आणि पिन ती कडच चेपते. एकदा चेपली की संपलं, पुन्हा भरणं शक्यच नाही. २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पालथं पडून झाडायच्या प्रकारात, जगज्जेती झालेली तेजस्विनी सावंत, २५ मीटर पिस्तुलात २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवणारी राही सरनोबत, आणि स्वप्निल, ही कोल्हापूरची तिन्ही मोठी नावं या न भरता येणाऱ्या काडतुसावर उभी आहेत. त्यांच्या पितळेचं आयुष्य एक गोळी.

मग अचूकतेचं काय करायचं? हाताने बनवता येत नाही तर निवडायचं. इंग्लंडचं एली टेनेक्स, लापुआचं एक्स-अ‍ॅक्ट, जर्मनीचं आरडब्ल्यूएस आर-५०, ही वरच्या दर्जाची काडतुसं. प्रत्येक काडतूस एकाच नावाने निघतं, तरी त्याच्या प्रत्येक लॉटचा स्वभाव निराळा. एका रायफलला जो लॉट दहाच्या आत बसतो तो शेजारच्या रायफलमध्ये नऊपर्यंत पसरतो. म्हणून एली आणि लापुआ यांनी चाचणीकेंद्रं ठेवली आहेत. रायफल किंवा तिची नळी शिकंज्यात पकडायची, वेगवेगळ्या लॉटच्या गोळ्या झाडायच्या, पसारा पाहायचा आणि पसंत पडलेला लॉट नंबर सांगून पेट्या उचलायच्या. गणित करून पाहण्यासारखं आहे. सेकंदाला ३२५ मीटर वेगाची ही गोळी ५० मीटर जाईपर्यंत सुमारे साडेबारा सेंटिमीटर खाली येते. वेगात दहा मीटरचा फरक पडला तर छिद्र सात-आठ मिलिमीटर वरखाली, म्हणजे जवळजवळ एक पूर्ण कडं. नळीची थरथर त्यातला थोडा भाग सावरून घेते, आणि तीच कोणत्या लॉटला किती सावरेल हे कागदावर सांगता येत नाही. झाडूनच पाहावं लागतं.

तीन आणि दहा गोळ्यांचा मघाचा हिशेब इथेही तसाच लागू आहे. लॉट निवडताना पाच गोळ्यांचा एक सुंदर गट पाहून पेट्या भरणारे फसतात. आणि इथे चूक महाग पडते. माल परदेशी, आणि आयातीची सोय मुख्यतः राष्ट्रीय संघटनेनं नामांकित ठरवलेल्या नेमबाजांना. कोल्हापुरातल्या दुधाळीच्या रेंजवर नुकत्याच आलेल्या पोराला लॉट निवडण्याची चैन परवडत नाही. जो माल हाती येईल तो झाडायचा आणि नऊ पडला तर दोष स्वतःच्या श्वासाला द्यायचा.

मला विचाराल तर या टप्प्यावरच्या मुलांसाठी लॉटच्या मागे धावण्यापेक्षा एकच लॉट लांबवर पुरवणं अधिक कामाचं. काडतूस मध्यम दर्जाचं असलं तरी चालेल, ते बदलत राहता कामा नये. महिना-दोन महिने तेच काडतूस असलं की चुका कुणाच्या, रायफलीच्या की आपल्या, हे हळूहळू वेगळं काढता येतं. क्लबातल्या आठ-दहा जणांनी मिळून एका लॉटची खरेदी केली तर हे जमू शकतं. अडचण एवढीच की त्या आठ-दहा रायफलींपैकी दोन-तीन तरी त्या लॉटवर रुसणार. मग त्या दोन-तीन पोरांना वेगळा लॉट घेऊन द्यायचा, की रायफली आपसांत बदलून पाहायच्या? दुसरा मार्ग स्वस्त आहे. पण बट आणि चीकपीस ज्याच्या त्याच्या अंगाला बसवलेले असतात, आणि परवान्यावरची रायफल दुसऱ्याच्या हाती द्यायची तर कागदपत्रांचा वेगळाच हिशेब आला.